बर्फावरचे उद्योग

हिवाळ्यात फिनलंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी थेट वर लॅपलँड गाठतात. सांताक्लॉज, रेनडिअर, काचेच्या इग्लूतून दिसणारे नॉर्दर्न लाइट्स. आम्ही यातलं काहीच केलं नाही. भाची हेलसिंकीशेजारी एस्पोला राहते, आणि ती दोन वर्षं मागे लागली होती, "मामा, एकदा लास्कियाइनेनला याच. उद्यमनगरात पण बनत नसतील असल्या वस्तू इथं लोक घरी बनवतात आणि बर्फावर घेऊन उतरतात." कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगमध्ये हयात घालवलेल्या माणसाला असं डिवचलं, की तो व्हिसाच्या रांगेत उभा राहतोच.

लास्कियाइनेन हा ईस्टरच्या सात आठवडे आधी येणारा सण. उपवासाचा काळ सुरू होण्यापूर्वी खाऊन-पिऊन घ्यायचं आणि टेकडीवरून घसरायचं, एवढाच विधी. त्यातला रविवार घरच्यांचा आणि मंगळवार कॉलेजच्या पोरांचा. ईस्टरबरोबर याचीही तारीख सरकते, कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कधी मार्च उजाडल्यावर. तेव्हा तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीचा ईस्टर बघून घ्या.

शनिवार, एस्पो

दुपारी भाचीबरोबर दूध-ब्रेड आणायला गेलो, तर सुपरमार्केटच्या दारात सायकलींच्या रांगेतच एक वस्तू टेकवून ठेवलेली. पुढं लाकडी पट्ट्यांची छोटी खुर्ची, मागं हँडल, खाली दोन लांबच लांब पोलादी पट्ट्या. मी तिथंच उकिडवा बसलो. भाची म्हणाली, "मामा, लोक बघतायत." बघू देत.

हिला पोत्कुरी म्हणतात. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्यानं मागं लाथ मारत जायचं, खुर्चीवर पिशवी, पोर किंवा सासूबाई. त्या यंत्रात फिरणारा एकही भाग नाही. बेअरिंग नाही, चाक नाही, स्टिअरिंगचा सांधा नाही. मग वळते कशी? पट्ट्या स्प्रिंगसारख्या लवचिक पोलादाच्या आणि जवळपास दोन मीटर लांब. हँडल पिळलं की सगळा सांगाडा किंचित मुरडतो, पट्ट्या वाकतात आणि गाडी वळते. बिघडायला काही ठेवलंच नाही तर बिघडणार काय? ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याला माझा दंडवत.

मालकीणबाई दुकानातून आल्या. सत्तरी ओलांडलेली, खांद्यात वाकलेली बाई. पिशव्या खुर्चीवर ठेवल्या, चार लाथा मारल्या आणि चालत्या माणसांना मागं टाकत निघून गेल्या. घसरड्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांना काठीपेक्षा हिचा आधार जास्त, असं भाची सांगत होती. मात्र शहरात पोत्कुरी कमी होत चालली आहे, आणि त्याला कारण नगरपालिका. माणसं पडू नयेत म्हणून फूटपाथवर बारीक खडी पसरतात, आणि खडीवर पोलादी पट्टी कर्र करून अडते. मजा घ्यायची तर खडी न टाकलेला रस्ता नाहीतर गोठलेलं तळं हवं.

भाचीच्या मुलीनं, आमच्या आठ वर्षांच्या नातीनं, संध्याकाळी इमारतीच्या तळघरातली आपली हत्यारं दाखवली. प्लास्टिकची होडीच्या आकाराची पुल्का, स्टिअरिंग आणि ब्रेक असलेली तीन पट्ट्यांची गाडी, आणि ढुंगणाखाली घ्यायचं थाळीएवढं लियुकुरी. लियुकुरी सुपरमार्केटात काही युरोंत मिळतं आणि बॅगेत मावतं. पोरं बरोबर असतील तर भाड्यानं काही घेण्याच्या भानगडीत पडू नका, हेच विकत घ्या.

रविवार, घरामागची टेकडी

सकाळी थर्मामीटर उणे अठरा दाखवत होता. सौं.नी दोन स्वेटर घातले, तर भाचीनं आतला कॉटनचा बनियन काढायला लावला. कॉटन घाम धरून ठेवतं आणि मग हाडापर्यंत गार करतं. अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिकच हवं. हे एवढं ऐकलंत तरी निम्मी थंडी गेली म्हणून समजा. मोबाईल आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशात बॅटरी बघता बघता मान टाकते.

टेकडी उतरायला सुरुवात केली आणि पुल्का चालेचना. मला वाटत होतं, जेवढी थंडी जास्त तेवढी घसरण जास्त. उलट आहे. घसरण होते ती बर्फाच्या पृष्ठभागावरच्या अगदी पातळ, मोकळ्या थरामुळं. फार गारठ्यात तो थर जवळपास नाहीसा होतो, हिमाचे कण टणक आणि धारदार राहतात आणि पुल्का वाळूत रुतल्यागत अडखळते. अकरानंतर ऊन आलं, पारा उणे आठ-नऊवर चढला, आणि तीच पुल्का, तीच टेकडी, पोरं झाडांपर्यंत जाऊन आदळायला लागली. घसरायला जायची घाई भल्या सकाळी करू नका.

घसरताना ओरडायचं असतं, "पित्किया पेल्लाविया!" म्हणजे जवस लांब वाढू दे. तागासारखे धागे काढायला इथं जवस लावत, आणि घसरगाडी जितकी लांब जाईल तितकं त्या वर्षीचं पीक उंच येणार, अशी जुनी समजूत. आता त्या सोसायटीत जवस पेरणारं कुणी नाही, पण आरोळी शाबूत आहे. सौं.नी लियुकुरीवर बसून ही आरोळी ठोकली तेव्हा पलीकडच्या दोन फिनिश आज्यांनी टाळ्या वाजवल्या. एरवी बसस्टॉपवर दोन माणसांत दोन मीटर अंतर राखणारे हे लोक टेकडीवर मात्र अनोळखी माणसाला पाठीत धक्का देऊन खाली ढकलतात.

दुपारी वाटाण्याचं दाट सूप. त्यात डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी माणसानं "कास्विस" असा शब्द असलेलं मागावं. वरून मोहरीची चटणी पिळायची; आमच्या तोंडाला त्यानं जरा चव आली. मग लास्कियाइस्पुल्ला, म्हणजे वेलदोड्याचा पाव मधून कापून त्यात मलई. मलईखाली बदामाचा गोळा की रासबेरीचा जॅम, यावर या देशात दोन तट आहेत. जावई बदामवाले, नात जॅमवाली. पावात वेलदोडा सढळ हातानं घालणारा देश म्हटल्यावर मी कुठल्याच पक्षात न जाता दोन्ही खाल्ले.

मंगळवार, हेलसिंकी

सोमवार जेटलॅगला दिला. मंगळवारी दुपारी ट्रामनं काइवोपुइस्तो बागेत गेलो. तिथं उल्लानलिन्नानमाकी नावाची टेकडी आहे, माथ्यावर १९२६ सालची उर्सा या खगोलप्रेमींच्या संस्थेची छोटी वेधशाळा, पलीकडे गोठलेला समुद्र. आणि त्या दिवशी अख्खी टेकडी रंगीबेरंगी डगल्यांनी भरलेली. इथल्या विद्यापीठांत प्रत्येक विद्याशाखेच्या बॉयलर सूटचा रंग ठरलेला असतो आणि पोरं त्यावर कापडी बिल्ले शिवत राहतात. आमच्या वर्कशॉपमधला पोशाख सणाला घालून मिरवणारी पोरं बघून मला फारच बरं वाटलं.

आता यंत्रं. एका टोळीनं पुठ्ठ्याची खोकी जोडून नौका केली होती, शिडासकट, सगळी चिकटपट्टीवर उभी. ती सुटली आणि अर्ध्या वाटेत पुढचा भाग एकीकडं, मागचा दुसरीकडं. नाखवा मधल्या मध्ये बर्फावर उताणा. दुसऱ्यांनी जुन्या सोफ्याखाली स्की ठोकल्या होत्या. हवा भरून फुगवलेल्या गाद्या होत्या, बिअरचे क्रेट होते, आणि एक पोरगी नुसत्या प्लास्टिकच्या गोणपाटात पेंढा भरून त्यावर पोटावर झोपून सगळ्यांच्या पुढं निघून गेली. इथं जुन्या काळी खतांच्या गोण्या अशाच वापरत, असं जावई म्हणाले. खर्च शून्य, आणि वेगात सोफा-नौका सगळे तिच्या मागं.

सोफा मात्र मी जवळून बघितला. स्की सरळ पायांनाच स्क्रूनं आवळलेल्या, पुढची टोकं कशालाच बांधलेली नाहीत. पहिल्या उंचवट्याला पाय उपटणार हे दिसत होतं. मी त्या पोराला खुणेनं सांगितलं की दोन पायांच्या मधून एक आडवी पट्टी टाक. त्यानं गंभीरपणे मान डोलावली, मला कॉफी दिली आणि तसाच उतरला. पाय उपटला. वर येऊन त्यानं मला कडक सलाम ठोकला.

टीप: पोरं बिअर प्यालेली असतात, कुणाला त्रास देत नाहीत, पण खाली उभं राहू नका. येणाऱ्या वाहनाला ब्रेक नसतो. कडेनं चढा, आणि लहान मुलांना न्यायचं तर रविवारच बरा.

बुधवार, कुओपिओ

आगगाडीनं चार-साडेचार तास. बाहेर पांढरं, हिरवट काळं, पुन्हा पांढरं. जावयांच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं कुओपिओजवळ तळ्याकाठी लाकडी घर आहे आणि त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं.

शहरात दोन गोष्टी करा. बाजारपेठेच्या बंदिस्त मंडईत कलाकुक्को घ्या: राईच्या जाड भाकरीच्या कवचात छोटे मासे आणि डुकराची चरबी भरून तासन्‌तास भाजलेला गोळा. मासे खाणाऱ्याला आवडेल, न खाणाऱ्यानं वासही घेऊ नये. आणि पुइयो टेकडीवरच्या मनोऱ्यावर जा. १९६३ साली बांधलेला, ७५ मीटर उंच, वर फिरतं रेस्टॉरंट. खाली कल्लावेसी तळं गोठून सपाट पडलेलं आणि त्यावर ठिपक्यांएवढी माणसं, कुणी भोक पाडून मासे पकडतंय, कुणी स्केटिंग करतंय. या लोकांना काहीतरी गोल फिरवत ठेवायची हौस आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवार, तळ्यावर

यजमानांचे वडील ट्रॅक्टरची दुरुस्ती करून निवृत्त झालेले. इंग्रजी बेताचं. मीही बेताचाच. आमची पहिली ओळख त्यांच्या शेडमध्ये झाली आणि पुढं भाषेची अडचण अशी आलीच नाही. त्यांनी वेल्डिंगचा होल्डर दाखवला, मी मान हलवली. झालं.

त्यांनी आधी एक दोरी माझ्या गळ्यात घातली. दोन्ही टोकांना लाकडी मुठी, त्यात टोकदार खिळे. माणूस बर्फातून पाण्यात गेला तर हे खिळे काठाच्या बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. नास्कालित म्हणतात. गोठलेल्या पाण्यावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ते असायलाच हवेत. इथला ठोकताळा असा: टणक, स्वच्छ बर्फ ५ सेंटीमीटर असेल तर एकटा माणूस चालू शकतो, स्नोमोबाईलला १५, मोटारीला २०. पण हे मोजमाप सगळीकडं सारखं नसतं. ओढ्याच्या मुखाशी, पुलाखाली, तळ्याच्या चिंचोळ्या भागांत बर्फ पातळ राहतो. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नका. आमच्या तळ्यावर त्यांनी गिरमिटानं भोक पाडलं, आकडा असलेली काठी आत घालून खालची कड चाचपली आणि बोटानं खूण दाखवली: ४० सेंटीमीटर.

तळ्याच्या मध्यावर नापाकेल्का तयार होती. बर्फात भोक पाडून एक खांब उभा केलेला आणि पाणी गोठून तो जागच्या जागी पक्का झालेला. वेगळं काँक्रीट नको. खांबाच्या डोक्यात लोखंडी खुंटी, खुंटीवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा लांब वासा आडवा. वाशाच्या लांब टोकाला घसरगाडी बांधलेली, आखूड टोकाला माणसांनी धरून गोल फिरायचं. आपल्या गुऱ्हाळातला बैलाचा चरकच, फक्त बैल आखूड बाजूला आणि उसाच्या जागी लांब टोकावर पाहुणे.

मी पावलांनी मोजलं. खांबापासून ढकलणारा साधारण दोन मीटरवर, गाडी आठ मीटरवर. म्हणजे ढकलणाऱ्याच्या वेगाची चौपट. सेकंदाला दीड मीटर, म्हणजे रमतगमत चाललं तरी गाडी ताशी एकवीस-बावीस किलोमीटरनं जाते. आणि ते सरळ रस्त्यावर नव्हे, वर्तुळात. बसणाऱ्याला बाहेर फेकणारा जोर त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा. हे गणित मी नातीला सांगेपर्यंत ती जाऊन बसली होती. आजोबांनी (यजमानांच्या वडिलांना सगळे तेच म्हणत होते) आणि जावयांनी नुसतं चालायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला तिची टोपी उडाली, तिसऱ्या फेरीला ती फिनिश आणि मराठीत आलटून पालटून किंचाळत होती.

मग मला बसवलं. डोळ्यांसमोर काठावरची झाडं, शेड, सौ., झाडं, शेड, सौ. गाडीची बाहेरची पट्टी बर्फात कोरत जाते आणि त्याचा भुगा तोंडावर उडतो. उतरल्यावर दोन मिनिटं उभं राहता येत नाही. नाद खुळा, दुसरा शब्द नाही.

आणि तरी खरी गंमत ढकलण्यात होती असं माझं मत आहे. बसणारा एकटा असतो. ढकलायला चौघं लागतात, पावलं जुळवावी लागतात, एकजण घसरला की सगळे घसरतात, दम लागतो, हसू येतं. दुकानातल्या स्टिअरिंगवाल्या गाडीवर नात एकटी खेळायची आणि अर्ध्या तासात कंटाळायची. इथं अंधार पडला तरी कुणी घरात जाईना.

खुंटीला वंगण म्हणून काय लावता विचारलं, तर आजोबांनी खिशातून डुकराच्या चरबीचा तुकडा काढून दाखवला. थंडीत साधं ग्रीस घट्ट होतं, हे चालतं.

शुक्रवार, बर्फाचं चक्र

नाश्त्याला करेलियन पिराक्का, राईच्या पातळ पारीत भाताची पेज भरलेली, वर उकडलेलं अंडं आणि लोणी. खातोय तोवर आजोबा साखळी करवत घेऊन दारात.

तळ्याचा एक गोल तुकडा कापून तो तळ्यातच फिरवायचा, हा उद्योग फिनलंडमध्ये अलीकडच्या वर्षांत फोफावलाय. लोह्या गावच्या यान्ने कॅप्युलेह्तो या गृहस्थांनी तो गाजवला. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं मडावास्का गाव तर सगळ्यात मोठं चक्र कुणाचं, यावर फिन लोकांशी चढाओढ करतं. आमचं चक्र घरगुती, दहा मीटर व्यासाचं.

मधोमध खुंटी, तिला पाच मीटरची दोरी, दोरीच्या टोकाला खिळा. चालत गेलं की कंपासनं काढावं तसं वर्तुळ. मग त्या रेषेवर करवत. करवतीच्या पात्याची लांबी बर्फाच्या जाडीहून जास्तच हवी, नाहीतर खालचा पापुद्रा राहतो आणि चक्र सुटत नाही. साखळीला खनिज तेलाऐवजी सरसूच्या जातीतल्या रेप बियांचं तेल घातलेलं, कारण ते तळ्यातच जाणार. पाणी आणि बर्फाचा भुगा अंगावर उडून आजोबांच्या पँटचा कडक पत्रा झाला. कडेला एक चौकोनी खाच कापून ठोकळा बाहेर ओढला आणि त्या खाचेत होडीला लावतात तशी विजेवरची छोटी मोटर बसवली.

चालू केली. हललं आणि एका जागी अडलं. आजोबा गुडघ्यावर बसून कड बघत फिरले. एका ठिकाणी करवत बाहेर सरकून पोट आलं होतं, तेच समोरच्या कडेला घासत होतं. मी अलीकडून बोट दाखवलं, त्यांनी पलीकडून, आणि बोटं एकाच जागेवर आली. तेवढं तासलं, फटीतला भुगा फावड्यानं उपसला.

आणि चक्र फिरायला लागलं. इतकं हळू की आधी मला वाटलं काठच सरकतोय. मनात हिशेब मांडला: दहा मीटर व्यास, चाळीस सेंटीमीटर जाडी, म्हणजे एकतीस घनमीटर, बर्फाची घनता पाण्याच्या ०.९१७ पट. अठ्ठावीस टनांच्या वर वजन! तेवढं धूड एका मुठीएवढ्या पंख्यानं फिरत होतं, कारण पाणी ते उचलून धरतं आणि घर्षण जवळजवळ काहीच नाही. बर्फ पाण्यावर जेमतेम तीन सेंटीमीटर वर तरंगतो, पण एवढ्या गोलाला बुडवायचं तर अडीच टन माल चढवावा लागेल. आम्ही शेजाऱ्यांसकट चौदा-पंधरा होतो. कोल्हापूरचं तालीम मंडळ आलं असतं तर विचार करावा लागला असता.

मध्ये शेकोटी पेटवली, खाली पत्रा टाकून. खुर्च्या मांडल्या. किटलीत कॉफी. बसल्या जागी सूर्य डावीकडून उजवीकडं जातो, घर येतं, जेट्टी येते, जंगल येतं, परत घर. सौं.नी आणलेल्या डब्यातल्या भडंगाची पुडी फिरली. शेजारच्या एका काकूंनी मूठभर खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा मूठ पुढं केली.

मोटर बंद करायची नाही, हा नियम. थांबलं की फट गोठायला लागते. कॉफी झाल्यावर दहा मिनिटं बंद राहिली तर फटीत काचेसारखा पापुद्रा धरला होता, तो पहारीनं फोडावा लागला.

शनिवार, परत

निघण्याआधी मोटर काढली आणि एक काम सगळ्यांनी मिळून केलं. कापलेल्या रेषेच्या बाहेर, दर दोन पावलांवर, स्प्रूसच्या फांद्या रोवल्या आणि त्यांना लाल फीत बांधली. फट रातोरात सांधते, पण पुरेशी जाड व्हायला वेळ लागतो आणि मोटरीच्या खाचेत तर उघडं पाणीच असतं. रात्री स्नोमोबाईलवरून येणाऱ्याला ते दिसत नाही. कुणी असा उद्योग करणार असेल तर जागेच्या मालकाची परवानगी आणि या फांद्या विसरू नका.

हेलसिंकीत उतरून भाचीनं मला जुन्या वस्तूंच्या दुकानात नेलं, किर्प्पुतोरी म्हणतात. तिथं एक जुनी पोत्कुरी होती, खुर्चीच्या दोन पट्ट्या मोडलेल्या, बाकी ठणठणीत. विमानात नेणं शक्य नव्हतं. पण डोक्यात आलं की पट्ट्यांऐवजी चाकं लावली तर ही रंकाळ्यावर चालेल. जावयांना सांगितलं, तर त्यांनी फोनवर चित्रच काढून दाखवलं. पोत्कुरीच्या शर्यती खेळणाऱ्या हान्नु व्हिएरिक्को या फिनिश माणसानं १९९०च्या दशकातच पुढं मोठं, मागं छोटं चाक लावून किकबाईक केली आहे, आणि ती जगभर विकली जाते.

ठीक आहे. तिला बसायला खुर्ची नाही ना? दुकानदाराकडून टेप मागून घेतली आणि खुर्चीची रुंदी, हँडलची उंची, वाक, पट्टीची जाडी सगळं वहीत उतरवून घेतलं. सौ. विचारत होत्या, खुर्चीवर बसणार कोण.